घरातलं माणूस गेल्यानंतर मोबाइल, मेसेज आणि आठवणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मृत्यू झाला की पुढच्या दिवसांना एक ठरलेली चाल असते: अस्थी सावडणं, दहावा, बारावा, तेरावा, मग महिन्याचं, मग वर्षश्राद्ध. आता त्या जोडीला फोनच्या आणि कंपन्यांच्या मुदती येतात. काही ४८ तासांच्या, काही १२० दिवसांच्या, काही २ वर्षांच्या. त्या आपल्या दुःखासाठी थांबत नाहीत, आणि त्या माहीत नसल्यामुळे आईचा आवाज, बाबांचे फोटो कायमचे जातात. पुण्यातल्या घरांतून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. सगळ्यांमागचं आमचं म्हणणं एकच: आधी सगळं जपून ठेवा. काय मिटवायचं, काय बंद करायचं, ते नंतर ठरवा.

निधनाचा मेसेज ग्रुपवर कधी टाकावा?

जवळच्या सगळ्यांना फोन करून झाल्यावर. सख्खी भावंडं, मुलं, व्याही, आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर नातेवाइकांना फोनच करावा. बहिणीला भावाचं जाणं कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलं की तो घाव पुढे वर्षानुवर्षं भरत नाही. म्हणून पहिल्याच तासात घरातल्या तरुण मुलांना स्पष्ट सांगा, की अमुक-अमुक जणांना फोन होईपर्यंत कुणीही स्टेटस ठेवायचं नाही.

मेसेजमध्ये पूर्ण नाव, वय, केव्हा निधन झालं, अंत्ययात्रा राहत्या घरून किती वाजता निघणार आणि कुठल्या स्मशानभूमीत जाणार, एवढं पुरे. नुसतं 'वैकुंठ' लिहिलं तर पुण्यातल्या माणसाला कळतं. बाहेरगावच्यांसाठी 'वैकुंठ स्मशानभूमी, नवी पेठ' असं पूर्ण लिहा आणि नकाशाचं लोकेशन वेगळं पाठवा. वेळ बदलली तर नवा मेसेज टाका आणि जुना 'सर्वांसाठी डिलीट' करा, कारण फॉरवर्ड होत फिरतो तो नेहमी जुनाच मेसेज. संपर्कासाठी नंबर द्यायचा तो पुतण्याचा, जावयाचा किंवा शेजाऱ्याचा. ज्यांचं माणूस गेलंय त्यांचा नंबर देऊ नये.

घराचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख आणि गेलेल्या व्यक्तीचा मोबाइल नंबर एकाच मेसेजमध्ये देऊ नका. विम्याचा बोनस अडकलाय, पेन्शनची थकबाकी निघालीय असं सांगून ओटीपी मागणाऱ्यांना एवढी माहिती पुरते. असे फोन बहुतेकदा पहिल्या पंधरवड्यात येतात. घरातले सगळे गोंधळलेले असतात, आणि समोरचा माणूस अगदी नाव घेऊन बोलतो.

मुलगा अमेरिकेत आहे, वेळेत पोचणार नाही. अंत्यसंस्कार व्हिडिओवर दाखवायचे तर काय तयारी लागते?

आधी घरच्यांना विचारा, आणि ज्याच्यासाठी दाखवायचं त्यालाही विचारा. काहींना चेहऱ्याचं शेवटचं दर्शन हवं असतं, पण अग्नी दिलेला बघायचा नसतो. काही घरांत आणि काही समाजांत मृताचा फोटो किंवा चित्रण मुळीच चालत नाही. तिथे विषय तिथेच संपवावा.

वेळेचा हिशोब नीट करा. पुण्यात संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात हिवाळ्यात पहाटेचे ३:३० आणि उन्हाळ्यात ४:३० वाजलेले असतात. न्यू जर्सीत सकाळचे ६:३० किंवा ७:३०. अंत्ययात्रा निघायला तासभर उशीर होणार असेल तर तिकडे कळवा. तो माणूस अंधारात एकटा स्क्रीनसमोर बसलेला असतो.

कॉल कशावर करायचा, हेही आधी ठरवा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुप व्हिडिओ कॉलवर ३२ जण येऊ शकतात आणि म्हाताऱ्या माणसांना तोच सोपा जातो. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी बंद पडतं. मंत्र चालू असताना कॉल तुटतो तो बहुतेकदा ह्यामुळेच. गुगल मीटच्या फुकट ग्रुप कॉलला ६० मिनिटं मिळतात. यूट्यूब लाइव्ह ऐनवेळी सुचतं, पण मोबाइलवरून लाइव्ह करायला चॅनेलचे निदान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा सुविधा चालू करताना २४ तास थांबावं लागू शकतं. त्या दिवशी ते जमत नाही.

फोन धरणारा माणूस खांदा देणारा नसावा आणि विधी करणारा तर नसावाच. भाच्याचा मित्र, ऑफिसमधला सहकारी, सोसायटीतला कुणी चालेल. ज्या फोनवर सांत्वनाचे फोन येत आहेत तो वापरू नका. प्रत्येक येणारा कॉल व्हिडिओ अडवतो. दुसरा फोन घ्या, 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, चार्जिंग पूर्ण ठेवा, पॉवर बँक खिशात ठेवा. तासाभराच्या कॉलला साधारण १ जीबी डेटा धरून चाला. चितेजवळ फोन तापतो आणि कॅमेरा आपोआप बंद पडतो, त्यामुळे अंतर राखा. फोन पहिल्यापासून आडवा धरा आणि मध्ये फिरवू नका. आवाजासाठी गुरुजींच्या बाजूला उभं राहिलेलं बरं. विद्युत किंवा गॅसदाहिनी असेल तर दर्शन आणि मंत्र आत नेण्याआधीच होतात. तेवढाच वेळ हाताशी असतो, म्हणून कॉल घरातूनच जोडून ठेवा.

आणि कॉल संपवताना नुसतं लाल बटण दाबू नका. पलीकडच्या माणसाशी कुणीतरी दोन मिनिटं बोला. इथले लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतात. तिथे स्क्रीन काळी होते आणि खोलीत कुणी नसतं. शक्य असेल तर तिथल्या एखाद्या मित्राला त्या वेळी त्याच्या घरी जाऊन बसायला सांगा. आमच्या मते बाकी सगळ्या तयारीपेक्षा हे जास्त गरजेचं आहे.

फोन लॉक आहे आणि पिन कुणालाच माहीत नाही. काय करावं?

फोन बंद करू नका, रीस्टार्ट करू नका, चार्जरला लावून ठेवा. रीस्टार्ट झाल्यावर अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही बोट किंवा चेहरा मानत नाहीत, आधी पिनच मागतात. रीस्टार्ट न करताही, आयफोन ४८ तास उघडला गेला नाही तर पासकोड मागतो. अँड्रॉइडवर साधारण ७२ तासांत पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड द्यावा लागतो. घरातल्या कुणाचं बोट आधीपासून त्या फोनमध्ये नोंदवलेलं असेल, आणि असं पुष्कळ घरांत असतं, तर त्याचा उपयोग तेवढ्याच काळात होतो.

अंदाजानं पिन मारत बसू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबण्याचा काळ वाढत जातो, आणि आयफोनवर तशी सेटिंग केलेली असेल तर दहाव्या चुकीला सगळा डेटा पुसला जातो. आधी डायरी बघा, पासबुकाचं शेवटचं पान बघा, गोदरेजच्या कपाटाच्या दाराची आतली बाजू बघा. आपल्याकडच्या वडीलधाऱ्या माणसांनी पिन कुठेतरी लिहून ठेवलेला असतो.

गेलेल्या माणसाचं बोट लावून फोन उघडण्याबद्दलही विचारतात. बरेच सेन्सर जिवंत त्वचेवर बेतलेले असतात, त्यामुळे ते बहुधा चालत नाही. आणि त्या प्रयत्नाची आठवण करणाऱ्याच्या मनातून जात नाही. करू नका.

'लॉक काढून देतो' म्हणणाऱ्या दुकानदाराला आधी एकच विचारा, 'डेटा राहणार का?' बहुतेक वेळा तो फोन फॅक्टरी रीसेट करून देतो. फोन उघडतो, पण आतलं काहीच उरत नाही.

आईचे व्हॉइस मेसेज कसे जपून ठेवायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ह्यात सगळ्यात जास्त वाचवता येतं. आईनं तुम्हाला पाठवलेले व्हॉइस मेसेज तुमच्या फोनमध्ये आहेत. त्यासाठी तिचा फोन उघडायची गरज नाही.

तिचं चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांवर जा, 'मोर', मग 'एक्स्पोर्ट चॅट', मग मीडियासह. आयफोनवर चॅटमधल्या नावावर टिचकी मारून खाली जा. मीडियासह घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज मिळतात, मीडियाशिवाय ४०,०००. म्हणून दोन्ही वेगवेगळे घ्या. ईमेलवर पाठवायचा प्रयत्न इथेच फसतो, कारण जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि पाच वर्षांचं चॅट त्यात मावत नाही. यादीतून ड्राइव्ह किंवा फाइल्स निवडा. एक्स्पोर्ट होतच नसेल तर त्या चॅटवर 'अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू आहे का ते बघा.

एकाच चॅटवर थांबू नका. आईनं मावशीला पाठवलेलं वेगळं, नातीला पाठवलेलं वेगळं, भिशीच्या ग्रुपवरचं आणखी वेगळं. प्रत्येकानं आपापलं चॅट एक्स्पोर्ट करून एका ठिकाणी द्यावं. नातीकडच्या मेसेजमध्ये आईचा जो सूर सापडतो तो मुलांकडच्या मेसेजमध्ये नसतो.

अँड्रॉइडवर फाइल मॅनेजरमधूनही जाता येतं. व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरात 'व्हॉइस नोट्स' म्हणून फोल्डर असतो, त्यात वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांचे उपफोल्डर असतात, आणि आत 'पीटीटी' आणि तारखेनं सुरू होणाऱ्या, ओपस प्रकारच्या आवाजाच्या फाइल असतात. अडचण एवढीच की तिथे सगळ्यांचे मेसेज एकत्र पडलेले असतात, कुणाचा कुठला ते नावावरून कळत नाही. तारीख चॅटशी जुळवून बघावी लागते. फाइल मूळ रूपातच ठेवा, व्हीएलसी ह्या फुकट प्लेअरवर ती वाजते. एमपीथ्री करायची असेल तर वेगळी प्रत काढून करा.

मग नावं द्या: '२०२१-०३ आई, मोदकांची उकड', '२०२२-११ आई, पोचलास का'. स्वयंपाकाचे मेसेज सगळे जपतात, पण नुसतं 'पोचलास का रे, फोन कर' ह्या ४ सेकंदांच्या मेसेजसाठी माणसं पुढे आयुष्यभर हळहळतात. लहान आहे म्हणून काही गाळू नका. एक प्रत हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, दुसरी क्लाउडवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा.

काही फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग आपोआप चालू असतं. रेकॉर्डिंगच्या फोल्डरातही एकदा बघा.

चार महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर अचानक 'बाबा लेफ्ट' असं आलं. असं का झालं?

व्हॉट्सअॅप १२० दिवस न वापरलेलं खातं काढून टाकतं, आणि खातं निघालं की त्या नंबरची सगळ्या ग्रुपांतून गच्छंती होते. डीपी जातो, आणि ज्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना नावाऐवजी नुसता नंबर दिसायला लागतो. २०१९ मध्ये काश्मीरमध्ये ऑगस्टपासून इंटरनेट बंद होतं. डिसेंबरमध्ये तिथले लोक देशभरातल्या ग्रुपांतून असेच एकापाठोपाठ बाहेर पडलेले दिसले. कारण तेच.

वर्षश्राद्धाच्या आधीच, सगळं जरा स्थिरावत असताना, ती एक ओळ येते आणि घर पुन्हा हलतं. म्हणून मृत्यूच्या तारखेपासून साधारण शंभराव्या दिवसाची नोंद कॅलेंडरमध्ये करून ठेवा. तोवर डीपीचा स्क्रीनशॉट, 'अबाउट'मधली ओळ, सगळी चॅट घेऊन झाली पाहिजेत. मग ग्रुपवर एकानं आधीच सांगावं, की काही दिवसांत बाबांचं खातं आपोआप बंद होणार आहे. आधी कळलेलं असलं की धक्का निम्मा होतो.

फोन चालू ठेवून, मधूनमधून इंटरनेटला जोडून खातं जिवंत ठेवणारीही घरं आहेत. त्यात काही गैर नाही. पण कुणीतरी चुकून त्या नंबरवरून ग्रुपवर मेसेज टाकतो, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं मेसेज आलेला बघून आजीच्या छातीत धस्स होतं. ज्याच्याकडे फोन असेल त्यानं तिथून काहीही न पाठवण्याचा नियम पाळावा.

सिम कार्ड कधी बंद करावं?

घाई नको. बँक, पीएफ, एलआयसी, गुगल, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. कमीत कमी रिचार्ज करत सिम चालू ठेवा आणि दरम्यान मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. नंबर बंद पडला की ठरावीक काळानंतर तो नव्या ग्राहकाला दिला जातो. मग बाबांच्या नंबरवर परक्या माणसाचा फोटो दिसतो आणि बँकेचे मेसेज त्याच्याकडे जातात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: सिम आणि पिन हातात आहे म्हणून गेलेल्या व्यक्तीच्या खात्यातून यूपीआयनं पैसे काढू नका, दवाखान्याचं बिल भरायला सुद्धा नाही. मृत्यूनंतर खात्यावर हक्क सांगण्याची रीत वेगळी आहे, आणि असे व्यवहार पुढे भावंडांमधल्या भांडणाचं आणि कायदेशीर कटकटीचं कारण होतात. बँकेला कळवा, दाखला आणि दाव्याचा अर्ज द्या. कागद पूर्ण असले तर १५ दिवसांत दावा निकाली काढणं बँकांवर बंधनकारक आहे. विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्‌गम' पोर्टल २०२३ पासून आहे.

मृत्यूच्या दाखल्याचा ह्या सगळ्याशी काय संबंध?

सगळ्या कंपन्या तोच मागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद रुग्णालय पाठवतं. घरी झाला तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४अ, घ्यावा लागतो. तो नसेल तर अंत्यसंस्काराचा पास मिळतानाच अडतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून डिजिटल नोंदणीची तरतूद लागू आहे.

नावाचं स्पेलिंग तिथेच, नोंदीच्या वेळीच तपासा. आधारवर एक, पॅनवर दुसरं, फेसबुकवर तिसरं असलं की परदेशी कंपनीचा अर्ज परत येतो. माहेरचं नाव, वडिलांचं की नवऱ्याचं नाव मध्ये, आडनावाचे दोन प्रकार, हे घोळ आपल्याकडे नेहमीचे आहेत. आधारची नोंद मृत म्हणून करायची सोय माय आधार पोर्टलवर आहे, पण ती शेवटी करा.

फेसबुक खातं बंद करावं की ठेवावं?

तिसरा मार्ग आहे: मेमोरिअलाइज करणं, म्हणजे खातं आठवण म्हणून जपणं. नावाशेजारी 'रिमेंबरिंग' असं येतं, जुन्या पोस्ट राहतात, आणि मुख्य म्हणजे 'आज ह्यांचा वाढदिवस, शुभेच्छा द्या' हे येणं थांबतं. खातं तसंच सोडलं तर दरवर्षी दूरचे ओळखीचे, ज्यांना बातमी कळलेलीच नाही, ते 'जीवेत शरदः शतम्' लिहून जातात. बायकोला ते वाचावं लागतं.

पण एकदा मेमोरिअलाइज झालं की पासवर्ड असला तरी कुणालाही लॉगिन करता येत नाही. म्हणून फोटो आणि पोस्ट आधी जपून घ्या, विनंती मग पाठवा. त्या व्यक्तीनं हयातीत 'लेगसी काँटॅक्ट', म्हणजे आपल्या माघारी खातं सांभाळणारा माणूस, नेमलेला असेल तर त्याला प्रोफाइल फोटो बदलता येतो, वर एक पोस्ट लावता येते; खासगी मेसेज मात्र त्यालाही वाचता येत नाहीत. इन्स्टाग्रामवर मेमोरिअलाइज करता येतं, लेगसी काँटॅक्टची सोय नाही.

गुगल आणि आयफोनवरचे फोटो किती दिवस राहतात?

गुगल २ वर्षं न वापरलेलं खातं, फोटोंसकट, काढून टाकू शकतं. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गुगलचा वेगळा अर्ज आहे. त्यात खातं बंद करणं किंवा डेटा मागणं असे पर्याय असतात. पासवर्ड ते कधीच देत नाहीत, आणि डेटा मिळेलच असं नाही. अॅपलवर हयातीत 'लेगसी काँटॅक्ट' नेमलेला असेल तर त्याच्याकडची 'अॅक्सेस की' (नेमताना मिळणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला देऊन ३ वर्षं डेटा बघता येतो. अॅपलच्या कीचेनमध्ये साठवलेले पासवर्ड त्यात येत नाहीत. काँटॅक्ट नेमलेला नसेल तर न्यायालयाच्या आदेशापर्यंत जावं लागू शकतं.

फोनवर अचानक जुन्या फोटोंच्या 'मेमरीज' येतात आणि दिवस कोसळतो. थांबवता येतं का?

येतं. गुगल फोटोजच्या सेटिंगमध्ये मेमरीजखाली ठरावीक व्यक्ती आणि ठरावीक तारखा लपवता येतात. दवाखान्यातला शेवटचा महिना सलग तारखा टाकून लपवा. आनंदाचे फोटो राहू द्या. फेसबुकच्या मेमरीजमध्येही माणूस आणि तारखा लपवण्याची सोय आहे. आयफोनवर त्या व्यक्तीला 'कमी दाखवा' असं सांगता येतं. लपवल्यानं फोटो डिलीट होत नाही, आणि सेटिंग कधीही उलटवता येते.

तेराव्याला लावायचा फोटो फ्रेमवाल्यानं एआयनं 'सुधारून' दिला, आणि तो बाबांसारखा दिसतच नाही. असं का होतं?

कारण मशीन धूसर फोटोतला चेहरा ओळखत नाही, तिथे साधारण कसा चेहरा असेल ते भरून टाकतं. डोळे मोठे होतात, त्वचा गुळगुळीत होते, गालावरचा तीळ जातो, किंचित पुढे असलेला दात सरळ होतो. घरच्यांना नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही. फोटो परका वाटतो एवढंच कळतं.

मूळ चूक आधीची असते. फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला असतो, आणि साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १,६०० पिक्सेलवर आणला जातो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे तो ५ इंचांच्या आसपासच धड छापला जातो. १२ बाय १५ इंचांच्या फ्रेमला ३,६०० बाय ४,५०० पिक्सेल हवेत. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या. जुना कागदी फोटो असेल तर मोबाइलनं फोटोचा फोटो काढू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. फ्रेमवाल्याला सांगा: उजेड, रंग आणि चरे एवढंच सुधार, चेहऱ्याला हात लावू नको. ग्रुप फोटोतून कापलेला चेहरा फारच लहान असेल तर फ्रेम ६ बाय ८ ची करा. लहान फ्रेममधला खरा चेहरा चांगला.

दशक्रिया ऑनलाइन चालते का?

धर्मशास्त्राचा निर्णय तुमच्या गुरुजींचा. व्यवहाराचं सांगायचं तर दोन प्रकार चालतात. एक, विधी इथे ओंकारेश्वराला नदीकाठी घरातला कुणी करतो आणि परदेशातली मंडळी व्हिडिओवर असतात. दुसरा, परदेशात मुलगा विधी करतो आणि पुण्यातले गुरुजी कॉलवरून सांगतात. दुसऱ्यात अडतं ते सामानावर. काळे तीळ, तांदूळ, जव तिथल्या भारतीय दुकानात मिळतात, दर्भ मात्र ऐनवेळी मिळत नाही. यादी आदल्या दिवशीच मागून घ्या, कॅमेरा ताटाच्या वर ठेवा म्हणजे गुरुजींना हात दिसतात, आणि इअरफोन लावू नका, बाजूला बसलेल्यांनाही मंत्र ऐकू यावेत.

कावळ्याचा प्रश्न परदेशातून हमखास येतो. पिंडाला कावळा शिवला नाही तर काय करायचं, त्याची रीत गुरुजींना आधीच विचारून ठेवा. कॉल चालू असताना तासभर वाट बघत बसण्यात तिकडच्या माणसाची फार ओढाताण होते.

वर्षश्राद्धाची आठवण कॅलेंडरमध्ये कशी लावायची?

'दरवर्षी' असा रिमाइंडर इंग्रजी तारखेला लागतो, श्राद्ध तिथीला असतं. तिथी दरवर्षी वेगळ्या इंग्रजी तारखेला येते. पंचांग बघून पुढच्या काही वर्षांच्या तारखा एकेक करून टाका. अधिक महिना आला की घोळ वाढतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. मृत्यू परदेशात झाला असेल तर तिथली वेळ आणि गाव दोन्ही गुरुजींना सांगा, कारण त्याच क्षणी इथे तारीख पुढची असू शकते.

एआयनं गेलेल्या माणसाशी बोलता येतं म्हणतात. करावं का?

तंत्र खरं आहे. २०२२ मध्ये अॅमेझॉननं अॅलेक्साला एका मिनिटापेक्षा कमी आवाजावरून आजीच्या आवाजात गोष्ट वाचायला लावून दाखवलं होतं. २०१८ मध्ये गेलेले तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री करुणानिधी २०२४ च्या जानेवारीत एका प्रकाशन समारंभात एआयच्या रूपानं भाषण करताना दिसले. घरगुती वापरात दोन भाग असतात: जुनी चॅट वाचून त्या ढंगात उत्तर देणारा चॅटबॉट, आणि रेकॉर्डिंगवरून तयार केलेला आवाज.

आमचा सल्ला पहिल्या वर्षात करू नका असा आहे. हा बॉट आई जे कधीच बोलली नसती ते तिच्या नावानं बोलतो. 'तू वेळेवर आला नाहीस' असं म्हणाला तर? किंवा 'मी तुला माफ केलं' असं म्हणाला तर? दोन्ही वाक्यं कुणाचीच नसतात, आणि दोन्ही मनात घर करतात. शिवाय मराठीत तो लगेच उघडा पडतो: 'अगं' आणि 'अहो' चुकतात, वऱ्हाडी किंवा कोकणी हेल पुसला जाऊन बातम्यांची मराठी बाहेर येते. चॅट कंपनीला दिलं की त्यातली मावशीची, सुनेची खासगी बोलणीही जातात, त्यांना न विचारता. कंपनी बंद पडली किंवा महिन्याचे पैसे थांबले की आई दुसऱ्यांदा जाते.

लहान मुलांना तर मुळीच दाखवू नका. आजी गेली म्हणजे परत येणार नाही, हे समजायला त्यांना वेळ लागतो. फोनमधून बोलणारी आजी ते समजणंच अडवते. त्यांना खरी रेकॉर्डिंग ऐकवा आणि हे आजी असताना बोललेलं आहे, असं प्रत्येक वेळी सांगा.

मी अजूनही बाबांच्या नंबरवर मेसेज करते. हे काही बिघडल्याचं लक्षण आहे का?

नाही. पुष्कळ जण करतात. फक्त नंबर दुसऱ्याला गेला तर मेसेज परक्याकडे पोचतील, म्हणून तेच स्वतःच्या नंबरवरच्या 'मेसेज युवरसेल्फ' चॅटमध्ये लिहा.

मदत कधी घ्यावी, ह्याची खूण वेगळी आहे. महिने उलटूनही रोज तीच तीव्र ओढ, झोप, जेवण आणि काम विस्कळीत, जगण्यात अर्थच उरला नाही असं वाटणं. दीर्घकालीन शोकविकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, ह्याची नोंद आहे. तिथे कमीत कमी ६ महिन्यांचा काळ धरतात, अमेरिकन निकषांत प्रौढांसाठी १२ महिन्यांचा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आपल्या माघारी घरच्यांना हा त्रास नको, म्हणून आजच काय करून ठेवता येईल?

एका बैठकीत होतं. गुगलमध्ये 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' उघडा: ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची मुदत निवडा आणि १० पर्यंत माणसं नेमा. मुदत संपली की त्यांना मेल जातो आणि डेटा उतरवून घ्यायला ३ महिने मिळतात. आयफोन असेल तर ५ पर्यंत लेगसी काँटॅक्ट नेमा आणि 'अॅक्सेस की' छापून द्या, नुसती फोनमध्ये राहू देऊ नका. फेसबुकवर एक काँटॅक्ट नेमा. बँकेत आता ४ पर्यंत नामनिर्देशित व्यक्ती नेमता येतात, १ नोव्हेंबर २०२५ पासून. वैयक्तिक डेटासंबंधीच्या २०२३ च्या कायद्यात, कलम १४ मध्ये, मृत्यूनंतर आपले हक्क कुणी वापरायचे ते नेमण्याची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्यानं लागू होते आहे.

फोनचा पिन कागदावर लिहा, पाकिटात घाला, मृत्युपत्राजवळ ठेवा आणि पिन बदलला की कागदही बदला. त्याच कागदावर काय उघडू नये तेही लिहा: अमुक चॅट न वाचता डिलीट करा, अमुक फोल्डर फक्त हिच्यासाठी. असं लिहिलेलं नसलं की मुलांना आईचा फोन हातात घेतानाच चोरी केल्यासारखं वाटतं. आणि फ्रेमसाठी चालेल असा स्वतःच्या आवडीचा एक फोटो, मूळ फाइल, त्या पाकिटातल्या पेनड्राइव्हवर टाका.